गेलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता: सी प्लस प्लसमध्ये वीक रेफरन्स स्वतः कसा बांधायचा

एका बिलिंग सॉफ्टवेअरमधली चूक शोधण्यात माझे तीन दिवस गेले होते. दुकानदार ग्राहक निवडून बिलाची विंडो उघडायचा. बिल अर्धवट असतानाच यादीत जाऊन त्या ग्राहकाची नोंद काढून टाकायचा, तिथेच एक नवा ग्राहक भरायचा आणि परत बिलावर येऊन प्रिंट द्यायचा. प्रोग्राम क्रॅश होत नव्हता, एरर येत नव्हता. बिल छापून यायचं, पण त्यावर माल जुन्या ग्राहकाचा आणि नाव नव्याचं.

बिलाच्या विंडोकडे ग्राहकाच्या ऑब्जेक्टचा साधा पॉइंटर होता. ऑब्जेक्ट डिलीट झाला, मेमरी मोकळी झाली, आणि त्याच मापाचा नवा ऑब्जेक्ट मागितल्यावर मेमरी वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरने तीच जागा काढून दिली. हा योगायोग क्वचित जुळतो असं समजू नका. लिनक्सवरच्या ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीमध्ये 2017 साली आलेल्या 2.26 आवृत्तीपासून प्रत्येक थ्रेडला (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रत्येक धाग्याला) मोकळ्या तुकड्यांचा एक छोटा साठा मिळतो. त्यात एकेका मापाचे मोजकेच तुकडे राहतात, आणि सर्वात शेवटी सोडलेला तुकडा सर्वात आधी परत मिळतो. त्यामुळे डिलीट करून लगेच त्याच मापाचा ऑब्जेक्ट बनवला की बहुतेक वेळा पत्ता तोच येतो. जुना वाडा पाडून त्या जागी इमारत झाली, आपण जुन्या पत्त्यावर गेलो, दारही उघडलं, पण आत बिऱ्हाड दुसरंच.

इथे हवा असतो वीक रेफरन्स. तो ऑब्जेक्टला जिवंत धरून ठेवत नाही, पण ऑब्जेक्ट गेला की गेल्याचं खात्रीने सांगतो. जावा, पायथन किंवा सी शार्पमध्ये ही सोय भाषेसोबतच येते. न्यू आणि डिलीट जिथे आपल्याच हातात असतात, तिथे ती आपल्याला बांधावी लागते. क्लास, डिस्ट्रक्टर आणि कॉपी कन्स्ट्रक्टर म्हणजे काय एवढं माहीत असलं की हा लेख पुरेल. कोडच्या जागी मी मराठीत टाचण दिलं आहे. त्याचं खऱ्या सी प्लस प्लसमध्ये रूपांतर तुम्ही स्वतः करा, कारण ते करतानाच बारकावे हाताला लागतात.

पायरी 1: मालक कोण, ते लिहून काढा

कोड लिहायच्या आधी कागद घ्या. ज्या ऑब्जेक्टबद्दल अडचण आहे त्याचं नाव मध्ये लिहा आणि त्याच्याकडे जाणारा प्रत्येक पॉइंटर बाणाने दाखवा. आता विचारा, यातला डिलीट करणारा कोणता? तो मालक. बाकीचे सगळे नुसते बघणारे. माझ्या उदाहरणात ग्राहकांची यादी मालक होती. बिलाची विंडो, शोधपट्टीचे निकाल आणि "नुकतेच पाहिलेले ग्राहक" ही यादी, तिघे बघणारे.

दोन मालक निघाले, किंवा एकही निघाला नाही, तर इथेच थांबा. मालकी ठरलेली नसताना वीक रेफरन्स घातला तर क्रॅश कमी होतील, पण डिलीट कुणी करायचं हा प्रश्न तसाच राहील आणि मेमरी गळायला लागेल. मालक एकच असेल आणि बघणारे मालकापेक्षा जास्त काळ जगू शकत असतील, तरच पुढे चला. बघणारा नेहमी आधीच मरत असेल (म्हणजे विंडोच्या आतल्या बटणाने विंडोचा पॉइंटर ठेवावा तसं) तर साधा पॉइंटर पुरतो. तिथे उगाच यंत्रणा उभारू नका.

पायरी 2: चूक डोळ्यांसमोर घडवा

जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर असतो. तो चालू करून प्रोग्राम पुन्हा बांधा आणि चुकीचा क्रम हाताने करून पाहा. सॅनिटायझर सोडलेली मेमरी लगेच पुन्हा वापरायला देत नाही. काही काळ ती बाजूला ठेवतो, आणि तेवढ्यात कुणी तिला हात लावला की प्रोग्राम तिथेच थांबवतो. अहवालात तीन ठिकाणं येतात: मेमरी आत्ता कुठून वाचली, ती सोडली कुठे, आणि मुळात घेतली कुठे. माझे तीन दिवस गेले ते हा अहवाल काढायला मी चौथ्या दिवशी बसलो म्हणून. प्रोग्राम साधारण दुप्पट हळू चालतो, तेवढं सहन करा. तिन्ही ठिकाणं टिपून ठेवा, शेवटच्या चाचण्यांना ती लागतील.

नवशिक्याला इथे दोन उपाय हमखास सुचतात. पहिला, डिलीट केल्यावर पॉइंटर नल करून टाकायचा. पण नल होतो तो डिलीट करणाऱ्याच्या हातातला पॉइंटर. विंडोकडची प्रत जुनाच पत्ता धरून बसते. डेल्फीमध्ये यासाठी फ्रीअँडनिल नावाची तयार सोय आहे, आणि तीही तो एकच व्हेरिएबल रिकामा करते. दुसरा उपाय म्हणजे ऑब्जेक्टमध्येच "जिवंत आहे" असा एक झेंडा ठेवायचा. तो झेंडा राहतो ऑब्जेक्टच्याच मेमरीत, आणि ती मेमरी तर सोडून झालेली. तिथे नवा ग्राहक येऊन बसला असेल तर झेंडा "जिवंत" असंच सांगेल, आणि त्या नव्या ग्राहकापुरतं ते खरंही असेल.

म्हणून ऑब्जेक्ट गेल्याची नोंद ऑब्जेक्टच्या बाहेर हवी, आणि ती ऑब्जेक्टपेक्षा जास्त जगायला हवी. पुढच्या तिन्ही वाटा यावरच उभ्या आहेत. त्यांच्यात फरक पडतो तो ही नोंद कुठे ठेवली यात.

पायरी 3: दारावरची पाटी बांधा

माझी पसंतीची वाट ही. ऑब्जेक्टच्या बाहेर मेमरीचा एक छोटा तुकडा ठेवायचा. त्याला आपण पाटी म्हणू, जाणकार कंट्रोल ब्लॉक म्हणतात. पाटीवर दोनच गोष्टी असतात: ऑब्जेक्टचा पत्ता आणि पाटी धरून असलेल्यांची संख्या. बघणारे ऑब्जेक्टचा पत्ता स्वतःकडे ठेवत नाहीत, पाटीचा ठेवतात. ऑब्जेक्ट जाताना पाटीवरचा पत्ता पुसून जातो. पाटी मात्र शेवटचा बघणारा सोडेपर्यंत उभी राहते.

वर्ग पाटी
    लक्ष्य = नल
    धरणारे = 0

वर्ग पाटीवाला
    माझी_पाटी = नल
    पुसली = नाही

    पाटी_दे
        पुसली असेल तर नल परत दे
        माझी_पाटी नल असेल तर
            नवी पाटी बनव, लक्ष्य = हा ऑब्जेक्ट, धरणारे = 1
        माझी_पाटी परत दे

    पाटी_पुस
        पुसली = होय
        माझी_पाटी नल असेल तर परत जा
        माझी_पाटीचं लक्ष्य = नल
        धरणारे एकाने कमी कर, 0 झाले तर पाटी डिलीट कर
        माझी_पाटी = नल

    डिस्ट्रक्टर, व्हर्च्युअल
        पाटी_पुस

ज्या क्लासला वीक रेफरन्स हवा तो पाटीवाल्यापासून वारसा घेईल. पाटी पहिल्यांदा मागितली जाते तेव्हाच ती बनते हे लक्षात घ्या. एक लाख ग्राहक असतील आणि त्यातल्या पाचांच्याच विंडो उघड्या असतील तर पाट्या पाचच बनतात. 64 बिट यंत्रावर पाटीचं माप 16 बाइट भरतं: पत्त्याचे 8, संख्येचे 4 आणि शेवटची भर 4. ग्लिबसीचा सर्वात लहान तुकडा 32 बाइटांचा असल्याने प्रत्यक्षात तेवढी जागा जाते. बाकीच्या ग्राहकांमागे खर्च होतो एका पॉइंटरचा आणि एका झेंड्याचा.

आता बघणाऱ्याचा क्लास.

वर्ग वीकरेफ
    पाटी = नल

    ऑब्जेक्टवरून बनताना
        पाटी = ऑब्जेक्टची पाटी_दे
        पाटी नल नसेल तर धरणारे एकाने वाढव
    कॉपी होताना
        पाटी = दुसऱ्याची पाटी, नल नसेल तर धरणारे एकाने वाढव
    नष्ट होताना
        पाटी नल नसेल तर धरणारे एकाने कमी कर, 0 झाले तर पाटी डिलीट कर
    घे
        पाटी नल असेल तर नल परत दे, नाहीतर पाटीचं लक्ष्य परत दे

असाइनमेंट ऑपरेटर लिहिताना क्रम सांभाळा. आधी नव्या पाटीचे धरणारे वाढवा, मग जुनी सोडा. उलट केलंत आणि दोन्हीकडे एकच पाटी निघाली, तर संख्या शून्यावर येऊन पाटी मोडेल आणि लगेच तुम्ही त्या मोडलेल्या पाटीची संख्या वाढवायला जाल. म्हणजे ज्या चुकीसाठी हा सगळा खटाटोप, तीच चूक यंत्रणेच्या पोटात शिरेल.

आणखी एक खड्डा आहे, तो मला कुणी आधी दाखवला नव्हता. पाटीवाल्याचा कॉपी कन्स्ट्रक्टर तुम्ही लिहिला नाही तर कंपायलर स्वतः लिहितो, आणि तो "माझी_पाटी" हा पॉइंटर जसाच्या तसा उतरवतो. समजा ग्राहकाची नोंद बदलताना तुम्ही त्याची तात्पुरती प्रत काढली. आता मूळ आणि प्रत दोघांकडे एकच पाटी, पण तिच्यावरची संख्या वाढलेलीच नाही. प्रत स्कोपबाहेर गेली की ती मूळ ग्राहकाची पाटी पुसून टाकते. ग्राहक ठणठणीत असताना सगळ्या विंडो "ग्राहक नाही" म्हणू लागतात, आणि पुढे मूळ ऑब्जेक्ट जाताना संख्या दुसऱ्यांदा कमी होते. म्हणून पाटीवाल्याचा कॉपी कन्स्ट्रक्टर हाताने लिहा आणि त्यात माझी_पाटी नलच ठेवा. नवा ऑब्जेक्ट, नवी ओळख. असाइनमेंट ऑपरेटरमध्ये माझी_पाटीला हातच लावू नका.

मी तर अशा क्लासची कॉपी आणि मूव्ह दोन्ही बंदच करून टाकतो. यात व्हेक्टरचाही धोका टळतो. व्हेक्टरमध्ये ऑब्जेक्ट थेट ठेवले आणि तो वाढला की सगळे ऑब्जेक्ट दुसऱ्या जागी हलतात, पत्ते बदलतात. ज्याच्याकडे वीक रेफरन्स जाणार आहे तो ऑब्जेक्ट न्यूने स्वतंत्र बनवा आणि व्हेक्टरमध्ये त्याचा पॉइंटर ठेवा.

पाटीवर लक्ष्य ठेवताना प्रकार गमावू नका. लक्ष्य हे पाटीवाल्याचा पॉइंटर म्हणूनच ठेवा आणि बाहेर काढताना नीट कास्ट करून ग्राहकाचा करा. क्लासला दोन पालक असतील तर एकाच ऑब्जेक्टचे दोन भाग वेगवेगळ्या पत्त्यांवर असतात. मध्ये व्हॉइड पॉइंटर (कोणत्याच प्रकाराचा नसलेला पॉइंटर) घातला की हा फरक पुसला जातो आणि आपण भलत्याच जागी जाऊन पोहोचतो.

पायरी 4: पाटी पुसायची वेळ

वरच्या टाचणात पाटी पुसली जाते ती मूळ क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये. तिथवर पोहोचायला उशीर झालेला असतो. सी प्लस प्लसमध्ये नष्ट होण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी सर्वात खालच्या क्लासच्या डिस्ट्रक्टरचं अंग चालतं, मग त्याचे मेंबर, जाहीर केले त्याच्या उलट क्रमाने, आणि मग पालक क्लास. ग्राहकाचं नाव, पत्ता, उधारीची यादी हे सगळं नष्ट होऊन गेल्यावर पाटीवाल्याची पाळी येते. तेवढ्या वेळात कुणी घे विचारलं तर त्याला अर्धा मोडलेला ग्राहक मिळतो.

हे प्रत्यक्षात कसं होतं? ग्राहकाच्या डिस्ट्रक्टरमध्ये "यादी बदलली" अशी सूचना जाते. ती ऐकून विंडो स्वतःला पुन्हा रंगवते. रंगवताना ती घे विचारते, नल येत नाही, आणि ती नष्ट होत असलेलं नाव वाचायला जाते.

उपाय असा: थेट डिलीट करणं बंद करा. डिस्ट्रक्टर प्रोटेक्टेड करा म्हणजे बाहेरच्या कुणाला तो मिळणारच नाही, आणि पाटीवाल्यात "काढून_टाक" असं एक फंक्शन द्या. ते आधी पाटी_पुस करेल आणि मगच डिलीट. कंपायलर मग जुन्या कोडमधल्या डिलीटच्या प्रत्येक ओळीवर तक्रार करेल. त्या तक्रारी म्हणजे तुमची कामाची यादी. डिस्ट्रक्टरमधली पुसणी तरी तशीच राहू द्या, दोनदा चालली तर बिघडत नाही.

टाचणातला "पुसली" हा झेंडा याच वेळेसाठी आहे. तो नसेल तर मरणाऱ्या ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरमधून कुणी पाटी_दे मागितली की नवी पाटी बनेल, आणि तिच्यावर पत्ता असेल पुढच्या क्षणी नाहीशा होणाऱ्या ऑब्जेक्टचा.

क्रोमियम ब्राउझरच्या कोडमध्ये याच अडचणीवर दुसरा तोडगा आहे. तिथे वीक पॉइंटर देणारी फॅक्टरी हा क्लासचा एक मेंबर असतो आणि तो सर्वात शेवटी जाहीर करायचा असा दंडक आहे. मेंबर उलट क्रमाने जातात, त्यामुळे शेवटचा सर्वात आधी जातो आणि बाकीचे मेंबर नष्ट व्हायच्या आत सगळे वीक पॉइंटर रद्द झालेले असतात. वारसा नको असेल तर ही पद्धत घ्या.

पायरी 5: विचारणं आणि वापरणं यांत अंतर ठेवू नका

यंत्रणा बरोबर असूनही ती चुकीची वापरली जाते. सर्वात जास्त दिसते ती ही चूक: फंक्शनच्या सुरुवातीला एकदा घे करून पॉइंटर लोकल व्हेरिएबलमध्ये घेतला, आणि मग पन्नास ओळी तोच वापरला. मधल्या एखाद्या ओळीत "खात्री आहे का?" असा डायलॉग उघडतो. डायलॉग उघडा असताना मेसेज लूप (क्लिक, टायमर अशा घटना एकेक करून हाताळणारं चक्र) चालूच असतो, टायमर वाजतात, दुसऱ्या विंडोतून ग्राहक काढला जातो. डायलॉग बंद होऊन आपण परत आलो तेव्हा हातातला लोकल पॉइंटर पुन्हा साधा डँगलिंग पॉइंटर, म्हणजे गेलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता, झालेला असतो.

नियम पाळायला सोपा आहे. घे ने मिळालेला पॉइंटर क्लासच्या मेंबरमध्ये कधीच साठवायचा नाही. बाहेरचा कोड चालू शकेल अशी प्रत्येक हाक, म्हणजे कॉलबॅक, सिग्नल, डायलॉग, झाल्यावर पुन्हा घे आणि पुन्हा तपासा. मी तर जर च्या कंसातच घे लिहितो, म्हणजे पॉइंटरचं आयुष्य त्या ब्लॉकपुरतंच राहतं.

आणि नल आला तर काय करायचं हे प्रत्येक जागी वेगळं ठरवा. "नल असेल तर परत जा" ही ओळ सगळीकडे चिकटवत सुटलात तर चुका फक्त गप्प होतील. बिलाच्या विंडोत नल आला तेव्हा आम्ही प्रिंटचं बटण बंद केलं आणि वर ठळक ओळ दाखवली: "या ग्राहकाची नोंद काढून टाकली आहे. दुसरा ग्राहक निवडा." शोधनिकालांत तीच ओळ फिकट दिसते. "नुकतेच पाहिलेले" मधून नाव मुकाट गळून पडतं. तिथे ते चालतं.

एकाहून जास्त थ्रेड असतील तर

इथपर्यंतचं सगळं एका थ्रेडपुरतं आहे. दोन थ्रेड आले की घे ने नल नसलेला पॉइंटर दिला आणि तो वापरायच्या आत दुसऱ्या थ्रेडने ऑब्जेक्ट डिलीट केला, असं घडू शकतं. पाटीवरची संख्या अ‍ॅटॉमिक (बदलताना मध्ये दुसरा थ्रेड घुसू शकणार नाही अशी) केली की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याने पाटी सुरक्षित होते, ऑब्जेक्ट होत नाही.

वापर संपेपर्यंत ऑब्जेक्ट जाणार नाही याची हमी हवी असेल तर तेवढ्या वेळापुरती मालकी मिळाली पाहिजे. सी प्लस प्लसच्या 2011 च्या मानकात आलेले शेअर्ड पॉइंटर आणि वीक पॉइंटर हेच करतात. त्यांच्या कंट्रोल ब्लॉकवर दोन संख्या असतात, एक मालकांची आणि एक बघणाऱ्यांची. वीक पॉइंटरचं लॉक हे फंक्शन मालकांची संख्या शून्य नसेल तरच ती एकाने वाढवतं. तपासणं आणि वाढवणं ही दोन्ही कामं एकाच अखंड क्रियेत होतात, मध्ये कुणी घुसू शकत नाही. यश आलं तर हातात शेअर्ड पॉइंटर येतो आणि तो असेपर्यंत ऑब्जेक्ट राहतो. एक बारकावा: मेक शेअर्डने बनवलेला ऑब्जेक्ट आणि त्याचा कंट्रोल ब्लॉक एकाच तुकड्यात असतात. डिस्ट्रक्टर वेळेवर चालतो, पण शेवटचा वीक पॉइंटर जाईपर्यंत तो आख्खा तुकडा परत मिळत नाही. ऑब्जेक्ट मोठा असेल तर हे जाणवतं.

हाताने सांभाळलेल्या मेमरीत राहायचं असेल तर दुसरा पर्याय म्हणजे घे हे एकाच ठरलेल्या थ्रेडवर करायचं आणि डिलीटही तिथेच. क्रोमियममध्येही वीक पॉइंटर उघडून वापरायचा तो त्याला बांधून दिलेल्या एकाच क्रमातून (एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या रांगेतून), असा नियम आहे. इंटरफेसचा थ्रेड एकच असलेल्या डेस्कटॉप प्रोग्रामला हा नियम पुरतो. घे च्या पहिल्या ओळीत थ्रेड तपासणारा असर्ट (अट मोडली की प्रोग्राम थांबवणारी तपासणी) टाका, म्हणजे नियम मोडणारा लगेच सापडेल.

दुसरी वाट: ऑब्जेक्टकडेच बघणाऱ्यांची यादी

पाटी न ठेवता प्रत्येक ऑब्जेक्टने आपल्याकडे बघणाऱ्यांची यादी ठेवायची, आणि जाताना एकेकाचा पॉइंटर नल करायचा. पुष्कळ जुन्या यंत्रणा या वळणाच्या आहेत. बोरलंडने 1995 मध्ये आणलेल्या डेल्फीच्या टीकंपोनंट या क्लासमध्ये फ्रीनोटिफिकेशन आहे. ज्याला कळवायला हवं तो नाव नोंदवतो, आणि कंपोनंट जाताना प्रत्येक नोंदवलेल्याला निरोप जातो. अ‍ॅपलच्या ऑब्जेक्टिव्ह सीमध्ये रिटेन आणि रिलीज हाताने लिहायच्या काळात डेलिगेटला (दुसऱ्या ऑब्जेक्टच्या सूचना ऐकणाऱ्या ऑब्जेक्टला) जाताना समोरच्याकडचा आपला पॉइंटर स्वतः नल करावा लागे, आणि विसरला की क्रॅश. 2011 मध्ये मॅकच्या लायन आणि आयओएस 5 सोबत आपोआप नल होणारे वीक व्हेरिएबल आले. त्यांची यादी ऑब्जेक्टमध्ये नसते, रनटाइमच्या एका बाजूच्या तक्त्यात ऑब्जेक्टच्या पत्त्यावर लावलेली असते. क्यूटी या सी प्लस प्लस लायब्ररीच्या चौथ्या आवृत्तीतला क्यूपॉइंटरही असाच एका सामाईक हॅश तक्त्यावर चालत असे. पाचव्या आवृत्तीत तो पाटीच्या पद्धतीवर गेला.

ही वाट घ्यायची तर यादी दुहेरी लिंक्ड लिस्ट करा आणि पुढचा-मागचा हे दुवे वीकरेफच्याच पोटात ठेवा, म्हणजे नाव काढायला यादी धुंडाळावी लागत नाही. वीकरेफ कॉपी झाला किंवा हलला की यादीतलं त्याचं ठिकाणही बदलावं लागतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. फायदा असा की वाचणं अगदी स्वस्त पडतं, पाटीचा मधला फेरा नाही. तोटा असा की ज्याच्याकडे हजारो बघणारे आहेत तो जाताना हजारो जागी लिहित बसतो. नवशिक्याने ही वाट पहिल्यांदा घेऊ नये असं माझं मत आहे.

तिसरी वाट: क्रमांक आणि पिढी

खेळांच्या इंजिनांत हजारो ऑब्जेक्ट क्षणाक्षणाला जन्मतात आणि जातात. तिथे पॉइंटर देतच नाहीत, हँडल देतात. सगळे ऑब्जेक्ट एका तक्त्यात असतात. हँडलमध्ये तक्त्यातला क्रमांक आणि त्या खान्याची पिढी हे दोन आकडे असतात. खाना रिकामा झाला की त्याची पिढी एकाने वाढते. हँडलवरची पिढी आणि खान्याची पिढी जुळली नाही, तर ऑब्जेक्ट गेला. अनरिअल इंजिनचा वीक ऑब्जेक्ट पॉइंटर याच धर्तीवर क्रमांक आणि सीरियल नंबर ठेवतो.

आकड्यांचा हिशोब आधी करा. 32 बिटांत 20 बिट क्रमांकाला दिले तर 10,48,576 खाने मिळतात आणि पिढीला उरतात 12 बिट, म्हणजे 4,096. शेवटी सोडलेला खाना आधी वापरायचं धोरण असेल तर गोळ्या झाडणाऱ्या खेळात एकच खाना 4,096 वेळा सहज भरतो. पिढी फिरून शून्यावर येते आणि विसरलेलं जुनं हँडल अचानक पुन्हा जुळतं. जागेची फार ओढ नसेल तर 64 बिट घ्या, निम्मे क्रमांकाला आणि निम्मे पिढीला. पिढी 1 पासून सुरू करा, म्हणजे सगळी शून्यं असलेलं हँडल कायम रिकामं ठरतं. हँडल कॉपी करायला काहीही नोंद ठेवावी लागत नाही, ही या वाटेची मोठी सोय.

पायरी 6: चाचण्या

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवूनच चालवा. ऑब्जेक्ट आधी जातो आणि वीकरेफ नंतर, ही पहिली चाचणी. दुसरीत उलट. तिसरीत ऑब्जेक्ट डिलीट करून लगेच त्याच क्लासचा नवा बनवा आणि जुन्या वीकरेफकडून नल येतो का पाहा. ही चाचणी सॅनिटायझर बंद करूनही एकदा चालवा, कारण तो चालू असताना पत्ता लगेच परत मिळत नाही आणि खरी परीक्षा होत नाही. चौथीत ऑब्जेक्टची प्रत काढा, प्रत नष्ट करा आणि मूळ ऑब्जेक्टचा वीकरेफ अजून नल झालेला नाही हे तपासा. पाचवीत ग्राहकाच्या डिस्ट्रक्टरमधून बघणाऱ्याला हाक मारा, आणि त्याला तिथे नलच मिळाला पाहिजे. पाट्यांची एकूण संख्या मोजणारा एक आकडा ठेवा आणि प्रत्येक चाचणीच्या शेवटी तो 0 झाला का बघा.

जुन्या कोडमध्ये हे आणताना सगळे पॉइंटर एकाच दिवशी बदलू नका. पायरी 2 च्या अहवालातलं "आत्ता कुठून वाचली" हे ठिकाण घ्या, त्या एका मेंबरचा प्रकार वीकरेफ करा, आणि कंपायलर दाखवेल त्या प्रत्येक वापरापाशी थांबून नल आल्यावर काय करायचं ते ठरवा. आमच्या बिलाच्या विंडोत अशा अकरा जागा निघाल्या. त्यातल्या दोन ठिकाणी ग्राहकाचा ऑब्जेक्ट लागतच नव्हता. बिल सुरू होतानाच नाव आणि पत्ता उतरवून ठेवणं पुरेसं होतं, म्हणून तिथून पॉइंटरच काढून टाकला.